‘आमच्या गावाला रस्ता कधी नव्हताच’: मांजराकाठच्या एका बुडालेल्या गाडीवाटेचं प्रकरण

केज तालुक्यात मांजरा धरणाच्या पाण्याला लागून आमचं गाव आहे. नाव मुद्दाम देत नाही, वाद शेजाऱ्या-शेजाऱ्यांचा होता आणि आता कुठं लोक एकमेकांच्या लग्नाला जायला लागलेत. गावठाणापासून पाण्याच्या कडेपर्यंत दीड-दोन किलोमीटरचा पट्टा आहे, तिथं बारा-तेरा जणांच्या जमिनी. ऊस काढायचा म्हणलं की दुसऱ्याच्या सोयाबीनमधून ट्रॅक्टर घालायचा, नाही घालू दिला तर मोळ्या डोक्यावर. पावसाळ्यात तर त्या काळ्या रानात बैलसुद्धा पोटापर्यंत रुततो. या लोकांनी अर्ज केला, आणि कार्यालयातून तोंडी उत्तर मिळालं की या बाजूला रस्त्याची नोंद नाही, गाव आडबाजूला आहे, इथं रस्ता कधी नव्हताच.

हे वाक्य गावातली तरणी पोरंपण बोलतात. ‘आपलं गाव कोपऱ्यात हाय, पुढं नुसतं पाणी.’ आणि आज बघितलं तर खरंच वाटतं, डांबरी रस्ता येतो, मारुतीच्या पारापाशी संपतो, पुढं धरण.

मला ते पटत नव्हतं. त्याचं कारण २०१६ चा उन्हाळा.

त्या वर्षी मांजरा धरणात पाणीच राहिलं नव्हतं, एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं हे सगळ्यांच्या लक्षात असेल. आम्ही काही जण मे महिन्यात धरणाच्या पोटात उतरलो होतो, गाळाला भेगा पडलेल्या, एकेका भेगेत आख्खा हात जाईल एवढ्या. सोबत भावकीतले आबा होते, वय ऐंशीच्या पुढं. ते काठी टेकत चालत चालत एका जागी थांबले. तिथं गाळ संपून काळा पाषाण वर आलेला, जुन्या नदीच्या पात्रातला सपाट खडक, आणि त्या खडकात दोन चर. शेजारी शेजारी, एकमेकांना धरून, सरळ पलीकडच्या काठाकडं गेलेले. आबांनी खाली बसून चरातला गाळ बोटानं काढला, मग कोपरापासून हात लावून मोजलं, तीन हात भरलं. म्हणले, ‘चाकुरी हाय ही. लोखंडी धाव घासून घासून खडक खाल्लाय. माझा आजा हितूनच बार्शीला गाड्या न्यायचा, कापूस घेऊन.’ मी फोनवर फोटो काढले आणि विसरून गेलो. पुढं पाऊस चांगला झाला, धरण भरलं, खडक परत खाली गेला.

सहा वर्षांनी रस्त्याचा वाद उठला तेव्हा ते फोटो आठवले. आता प्रश्न असा की आबांचं बोलणं आणि खडकातले दोन चर याला पुरावा कोण मानणार. म्हणून नकाशे शोधायला लागलो.

पहिल्यांदा हाताला लागला तो अमेरिकन सैन्याच्या नकाशा विभागानं १९५० च्या दशकात छापलेला १:२,५०,००० चा नकाशा, जो इंटरनेटवर फुकट मिळतो. ते नकाशे त्यांनी मुख्यतः सर्व्हे ऑफ इंडिया या आपल्या सरकारी नकाशा खात्याच्या जुन्या शीट्सवरूनच केलेले आहेत. त्याच्यात धरण नाही! नुसती मांजरा वाकडीतिकडी जाताना दिसते, वर केज, खाली कळंब. पण स्केल लहान, आमचं गाव म्हणजे एक ठिपका. मग जुनी इंची शीट मिळवली, म्हणजे एक इंच बरोबर एक मैल. ज्यांना शीटचा नंबर काढता येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, १६ ते २० अक्षांश आणि ७६ ते ८० रेखांश हा मोठा चौकोन म्हणजे शीट ५६. त्याचे एकेक अंशाचे सोळा तुकडे, ए पासून पी पर्यंत, वरून खाली मोजत. केज, कळंब, अंबाजोगाई, लातूर, तेर हे सगळं ५६ बी मध्ये येतं. त्या बी चे परत सोळा तुकडे, त्यातला दुसरा आमचा: ५६ बी/२. छत्रपती संभाजीनगर आणि पैठणवाल्यांनी ४७ एम बघायचं, उदगीर-कंधारवाल्यांनी ५६ एफ.

ती शीट मोठ्या स्क्रीनवर उघडली आणि मी बराच वेळ नुसता बघत बसलो. गावातून एक नाही, तीन वाटा निघत होत्या. त्यातली एक तुटक रेघांची, म्हणजे कच्ची गाडीवाट, गावाच्या दक्षिणेला उतरून थेट नदीला भिडत होती, आणि पलीकडच्या काठावरून परत सुरू होऊन समोरच्या गावात जात होती. पलीकडून ती येरमाळ्याकडं वळत होती. म्हणजे आमचं गाव टोकाचं कधी नव्हतंच, वाटेवरचं गाव होतं. वाटेच्या कडेला निळं गोल चिन्ह, बांधीव विहीर. ती आमची बारव, आज तिच्यात कचरा टाकतात.

इथं एक गोष्ट नीट सांगायला पाहिजे, कारण जुने नकाशे बघताना सगळेजण तिथंच फसतात. आपण ठळक रेघ शोधतो. ठळक लाल रेघ म्हणजे पक्का, खडी टाकलेला रस्ता, आणि निजामाच्या राज्यात असे रस्ते आधी कुठं झाले तर जिथं फौज होती तिथं. हैदराबाद कंटिन्जंट म्हणजे निजामाच्या खर्चानं इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणारी फौज, तिच्या छावण्या औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई इथं होत्या, इंग्रजांची छावणी जालन्याला. नकाशे काढणारेही बहुतेक लष्करी माणसं, त्यांना तोफा कुठून जातील हे पाहिजे होतं. त्याच्या आधीचा जेम्स रेनेल, ज्याचा हिंदुस्थानचा नकाशा १७८२ ला निघाला, त्यानं दख्खनचा बराच भाग ब्यूसी या फ्रेंच सेनापतीच्या फौजेच्या कूचांच्या नोंदींवरून बसवलाय. त्यामुळं ठळक रेघ कुणाला महत्त्वाची होती तेवढंच सांगते. माणसं, कापूस, मीठ, जत्रा, लेकीबाळी कुठून जायच्या हे बारीक तुटक रेघा सांगतात.

आणि त्या तुटक रेघांमध्येसुद्धा रेघ जिथं नदीला भेटते ती जागा बघायची. आपल्या मुलखात वाट रानातून कुठूनही जाते, या वर्षी बांधाच्या अलीकडून, पुढच्या वर्षी पलीकडून, काळ्या जमिनीत पाऊस पडला की गाडीवान मुरमाड माळ धरतो, उन्हाळ्यात सरळ रानातून तोडून जातो. पण नदी कुठूनही ओलांडता येत नाही. तिथं खडक पाहिजे, दोन्हीकडं दरड बसलेली पाहिजे, बैलाला चढ झेपला पाहिजे. तो उतार, म्हणजे नदी ओलांडायची जागा, शेकडो वर्षं तिथल्या तिथं राहतो. म्हणून वाट हलते, उतार हलत नाही.

याचं सगळ्यात जबरदस्त उदाहरण आपल्याच मराठवाड्यातलं आहे. २३ सप्टेंबर १८०३, भोकरदनजवळचं असई. खेळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांची फौज, आणि इंग्रजांचा सेनापती वेलस्ली, त्याला खेळणा ओलांडायची होती. वाटाडे म्हणले इथं उतार नाही. त्यानं बघितलं की नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं आहेत, आणि अंदाज बांधला की इतकी जवळ दोन गावं वसलीत म्हणजे त्यांच्यात जाण्या-येण्याची वाट असणारच. उतार निघाला, फौज पलीकडं गेली, आणि त्या दिवशी मराठ्यांनी लढाई गमावली. जीव गेला त्यांचं दुःख आहेच, पण नदीकाठचं गाव कसं वाचायचं हे मला त्या प्रसंगानं शिकवलं. आमच्या शीटवरही हुबेहूब तेच, आमचं गाव आणि समोरचं गाव, मधी नदी, दोघांची तोंडं एकमेकांकडं. आज मधी धरणाचं पाणी आहे आणि एका बाजूला बीड जिल्हा, दुसऱ्या बाजूला धाराशिव, सोयरीक मात्र अजून त्याच गावात होते. माझी आत्या तिथं दिलेली आहे.

आता पुढचा भाग, जिथं काम अडलं.

भूमी अभिलेखमधून गाव नकाशाची नक्कल काढली. गाव नकाशात एक तुटक रेघ असली तर पायवाट, दुहेरी तुटक रेघ असली तर गाडीवाट. आमच्या नकाशात दक्षिणेकडं स्पष्ट दुहेरी तुटक रेघ होती, नदीपर्यंत. माझे काका तर नकाशा हातात घेऊन रडायचेच बाकी होते. पण इंची शीट आणि गाव नकाशा एकावर एक ठेवले तर वाट जुळेना. जवळपास दोनशे मीटरचा फरक. आणि दोनशे मीटर म्हणजे गावात तीन गट नंबर! एका नकाशाप्रमाणं वाट एकाच्या रानातून, दुसऱ्याप्रमाणं दुसऱ्याच्या. समोरची पार्टी लगेच म्हणली, ‘बघा, तुमच्या कागदाचाच कागदाला मेळ नाही.’

मी शीट क्यूजीआयएस या संगणकावरच्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवताना चारी कोपऱ्यांवर छापलेले अक्षांश-रेखांश वापरले होते. तिथं चूक झाली. जुन्या शीट्स एव्हरेस्टच्या लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर आहेत, आपल्या फोनचं जीपीएस वेगळ्या मापावर चालतं, आणि आपल्या भागात त्यानं जागा पूर्व-पश्चिम शंभर-एक मीटर सरकते. कोपरे सोडून दिले आणि जमिनीवरच्या न हललेल्या खुणा धरल्या. मारुतीचं देऊळ, ती बारव, दोन ओढे मिळतात ती जागा, आणि टेकाडावरचा दर्गा. परत बसवलं तर निम्मा फरक गेला. जुना नकाशा आजच्या नकाशावर ठेवणाऱ्या सगळ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, कोपऱ्यांवर विसंबू नका, गावातल्या खुणा धरा, नाहीतर एखाद्याच्या घरावरून रस्ता काढाल आणि गावात भांडण लावून द्याल.

उरलेला फरक मात्र खरा होता. गाव नकाशातली वाट सर्व्हे नंबरच्या बांधाला धरून सरळ जात होती, शीटमधली वाट मधेच पश्चिमेला वळून माळाच्या उंचवट्यावरून जाऊन मग नदीला उतरत होती. महिनाभर आम्ही यात अडकलो. कुठला खरा?

उत्तर आबांनी दिलं, आणि फार साधं होतं. त्यांच्यासमोर दोन्ही नकाशे ठेवले, नकाशा वाचता येत नसला तरी बारव कुठं आणि दर्गा कुठं सांगितल्यावर ते बोटानं फिरायला लागले. म्हणले, ‘ही बांधाची वाट सुगीची. ही माळाची वाट बरसातीची. पाऊस लागला की चिखलातून कोन जातंय, माळानं जायचं. दोन्ही हाईत, खाली बाभळीपाशी एक व्हतेत.’ म्हणजे दोन्ही नकाशे खरे. एकानं महसुलासाठी बांधाबांधानं मोजलं, दुसऱ्यानं ज्या दिवसांत मोजणीला आला त्या दिवसांत गाड्या कुठून जातात ते काढलं. आणि दोन्ही रेघा नदीला एकाच जागी भेटत होत्या.

तिथं २०१६ चा फोटो कामाला आला. फोनमधल्या फोटोला लोकेशन लागलेलं होतं, मला तेव्हा माहीतही नव्हतं. तो बिंदू नकाशावर टाकला तर खडकातल्या चाकोऱ्या बरोबर त्या जागी पडल्या जिथं शीटमधली रेघ नदी ओलांडते, पंचवीस-तीस मीटरचा फरक. त्या रात्री मला झोप आली नाही, खरं सांगतो. कुणीतरी शंभरेक वर्षांपूर्वी आमच्या नदीकाठी उभा राहून ती बारीक रेघ काढली होती, आणि ती रेघ आबांच्या आज्याच्या गाडीच्या चाकाखालची निघाली.

वाट कधीची, हा प्रश्न मला स्वतःला सोडवायचा होता, कार्यालयाला त्याची गरज नव्हती. नकाशाचं वय नावांवरून कळतं. अंबाजोगाईच्या जागी मोमिनाबाद असेल तर बहुतेक निजामाचा काळ. उस्मानाबाद हे नाव सातव्या निजामाच्या, उस्मान अलीखानाच्या नावावरून, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पडलेलं, त्यामुळं जिथं नुसतं धाराशिव किंवा त्याचं इंग्रजांनी केलेलं ‘धाराशिओ’ दिसतं तो नकाशा जुना धरायला हरकत नाही. तेर जुन्या कागदांत ‘थैर’ म्हणून सापडतं. उर्दू कागदावर फसली साल, म्हणजे निजामाच्या काळचं महसुली साल असतं, त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतं, फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. आणि हे विसरू नका की नकाशाच्या समासात दोन सालं असतात, मोजणीचं आणि छपाईचं. रस्ता मोजणीच्या सालचा धरायचा.

रेल्वेची रेघ तर घड्याळासारखी आहे. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी कुर्डुवाडीहून बार्शीला १८९७ ला आली आणि लातूरला पोचली १९११ ला. मनमाड-सिकंदराबाद लाइन १९०० च्या आसपासची, ती जालना, परभणी, नांदेडवरून. म्हणजे १८९७ ते १९११ या काळात आमच्या भागाचा कापूस आणि धान्य बैलगाडीनं बार्शीच्या पेठेत जायचं, तिथून रेल्वेनं पुढं. बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात आणि भोवती निजामाचा मुलूख, त्यामुळं वाटेत करोडगिरीचं नाकं, तिथं जकात भरायची. आबांच्या आज्याच्या गोष्टीत नाकेदार येतो तो इथूनच. मग लातूरची पेठ उभी राहिली, गाड्यांची तोंडं पूर्वेकडं वळली आणि नदीची वाट हळूहळू जत्रेपुरती राहिली, चैत्रात येरमाळ्याच्या येडेश्वरीला जाणाऱ्यांची. धरणानं वाट बुडवली हे खरं, पण तिचा जीव त्याच्या कितीतरी आधी निम्मा गेलेला होता.

आता जरा मागं जातो, हे मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्यानं लिहिलेलं ‘पेरिप्लस’ आहे. त्यात म्हणलंय की भडोचपासून वीस दिवसांवर दक्षिणेला पैठण, आणि तिथून पूर्वेकडं दहा दिवसांवर तगर. तगर म्हणजे आपलं तेर. तिथलं कापड, तलम मलमल, गाड्यांवर लादून मोठ्या बिनरस्त्याच्या मुलखातून भडोचला जायचं. बिनरस्त्याचा मुलूख! दोन हजार वर्षांपूर्वी परक्या माणसाला जे वाटलं तेच आज आपल्याला आपल्या गावाबद्दल सांगितलं जातं. पण त्याच वाक्यात गाड्या आहेत ना. गाडी बिनवाटेची कशी जाईल?

मी नकाशावर पट्टी ठेवून पैठण ते तेर सरळ रेघ ओढून बघितली. अंतर सरळ रेषेत दीडशे किलोमीटर, म्हणजे दहा दिवसांत रोजचे पंधरा, भरल्या गाडीची हीच चाल. आणि ती रेघ बीडच्या आणि कळंबच्या अगदी जवळून, सात-आठ किलोमीटरच्या आत जाते आणि आमच्याच पट्ट्यात मांजरा ओलांडते. आमचा उतार हाच सातवाहनांचा उतार असं मी अजिबात म्हणत नाही, गाड्या पट्टीनं ओढलेल्या रेघेवरून जात नाहीत. पण तेरला जाणाऱ्याला मांजरा कुठंतरी ओलांडावीच लागत होती, आणि खडकाचे उतार या पट्ट्यात हाताच्या बोटावर मोजण्याइतके आहेत.

प्रकरणाचं काय झालं ते सांगतो. नवीन रस्ता मागायचा तर जमीन महसूल अधिनियमाचं कलम १४३, पण तिथं बांधावरून कमीत कमी नुकसान होईल अशी वाट मिळते आणि समोरचा वर्षानुवर्षं अडवू शकतो. गाव नकाशावर वाट आहे म्हणल्यावर आम्ही मागणी बदलली, नवा रस्ता नको, जुना मोकळा करा. अर्जाला गाव नकाशाची नक्कल, शीटची प्रत, दोन्ही वाटा एकत्र दाखवणारा नकाशा, खडकाचा फोटो आणि चार म्हाताऱ्या माणसांचे जबाब जोडले. स्थळपाहणी झाली. त्या दिवशी शंभरेक माणूस जमलं होतं. समोरच्या पार्टीतले एक पाटील, ज्यांनी सगळ्यात जास्त विरोध केला होता, त्यांनी आबांना विचारलं, ‘आबा, तुमी शपथेवर सांगा, माझ्या रानातून वाट हाय का?’ आबा म्हणले, ‘तुझ्या बापानंच तर बाभळीपाशी पाण्याचा रांजण भरून ठेवला व्हता वाटसरूंसाठी.’ पाटील काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळानं तेच पुढं होऊन म्हणले, बांधाची वाट देतो, माळाची राहू द्या, माळावर आता माझी विहीर आहे. हे सगळ्यांना मान्य झालं. बरसातीची वाट गेली याचं मला वाईट वाटतं, पावसाळ्यात चिखलाचा त्रास राहणारच आहे आणि मुरूम टाकायला पैसा लागणार आहे, पण त्या घडीला तेच बरोबर होतं.

गेल्या वर्षी जेसीबीनं वाट मोकळी केली. बारवेतला गाळ पोरांनी श्रमदानानं काढला, तळाला पाणी लागलं. पहिला उसाचा ट्रॅक्टर गेला तेव्हा आबा नव्हते, त्यांना जाऊन चार महिने झाले होते.

वाट आता पाण्याच्या कडेपर्यंत जाते. तिथं उभं राहिलं की पलीकडचं गाव दिसतं, देवळाचा कळस आणि शाळेचे पत्रे. दिवाळीत आत्याच्या नातवाचा फोन आला, त्यांच्या गावातपण तसाच वाद सुरू झालाय, नदीकडच्या रानाला रस्ता नाही. म्हणला, ‘दादा, तुमच्या त्या नकाशात आमच्या बाजूची रेघ कुठून वर निघते तेवढं पाठवा.’ मी त्याला शीटचा तो तुकडा पाठवला, आणि सोबत खडकाचा फोटो. तो खडक दोन्ही गावांचा आहे.